जर्मन क्रियापद 'फेरलेत्सेन': अर्थ, उगम आणि वापर (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जर्मन शिकणाऱ्या मराठी माणसाला खरेदी, प्रवास, हवामान यांवरची वाक्यं लवकर जमतात. गाडी अडते ती 'मला लागलं', 'गुडघा दुखतोय', 'तुझं बोलणं मनाला लागलं' असं काही सांगायची वेळ आली की. शब्दकोशात 'इजा करणे' या अर्थाची पाच-सहा क्रियापदं सापडतात आणि त्यांतलं कुठलं कुठे बसतं हे कळत नाही. त्यातलं सगळ्यात जास्त कामाचं म्हणजे 'फेरलेत्सेन'. गोएथे इन्स्टिट्यूटच्या परीक्षांची तयारी करणारे आणि परिचारिका म्हणून जर्मनीला निघालेले विद्यार्थी याबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे दिली आहेत.

'फेरलेत्सेन' म्हणजे नेमकं काय?

जे धड आहे, अखंड आहे, त्याला धक्का लावणे. ते धड असलेलं शरीर असू शकतं, मन असू शकतं, किंवा एखादा नियम, हक्क, करार, सीमारेषा. मराठीत या तिन्हींसाठी आपण वेगवेगळे शब्द काढतो: शरीराला इजा होते, मन दुखावतं, नियमाचं उल्लंघन होतं, कराराचा भंग होतो. जर्मनमध्ये या सगळ्यासाठी एकच क्रियापद चालतं.

एक गोष्ट पहिल्याच दिवशी मनात पक्की बसवावी. या क्रियापदात वेदना आलीच पाहिजे असं नाही. भूल दिलेल्या माणसाला इजा झाली तरी ते फेरलेत्सेनच. कॉपीराइटला तर वेदना होण्याचा प्रश्नच नाही, तरी तोही 'फेरलेत्स्त' होतो. वेदनेसाठी जर्मनमध्ये वेगळे शब्द आहेत, ते पुढे येतील.

उच्चार कसा करायचा?

अक्षरं अशी: फाऊ, ए, एर, एल, ए, टे, त्सेट, ए, एन. पहिल्या अक्षराचा उच्चार 'व' होत नाही, 'फ' होतो. 'एर'मधला 'र' जवळजवळ विरून जातो आणि 'फेअ' असं ऐकू येतं. आघात 'लेत्'वर येतो आणि शेवटचा 'एन' अर्धा गिळला जातो.

मधला 'त्स' आपल्याला जन्मापासून येतो. चाक, चूल, चोर यांतला जो 'च', तोच हा ध्वनी. चहातला किंवा चिंचेतला 'च' मात्र नव्हे. इतर अनेक भारतीय भाषकांना हा ध्वनी घोटून घोटून शिकावा लागतो. मराठी माणसाने 'त' आणि 'स' वेगळे काढत बसण्यापेक्षा सरळ चाकातला 'च' म्हणावा.

हा शब्द आला कुठून?

याचे दोन भाग: 'फेर' हा उपसर्ग आणि 'लेत्सेन' हे जुनं क्रियापद. गंमत 'लेत्सेन'मध्ये आहे.

प्राचीन जर्मानिक भाषांमध्ये, म्हणजे जर्मन, इंग्रजी, डच ज्यांतून आल्या त्या भाषांमध्ये, 'लात' या मुळाचा अर्थ होता मंद, सुस्त, आळशी. आपण जसं 'मंद'पासून 'मंदावणे' करतो, तसं त्यांनी त्यापासून 'लात्यान' हे क्रियापद केलं: मंद करणे, उशीर करायला लावणे, अडवणे. गॉथिक या आता लुप्त झालेल्या जर्मानिक भाषेतल्या चौथ्या शतकातल्या बायबलमध्ये ते आढळतं. लूकच्या शुभवर्तमानात जखऱ्या नावाचा याजक मंदिरातून लवकर बाहेर येत नाही आणि बाहेर थांबलेल्या लोकांना आश्चर्य वाटतं, की याला आत कशाने अडवलं असेल. त्या अडवण्यासाठी हेच क्रियापद आलं आहे.

पुढे जुन्या उच्च जर्मनमध्ये त्याचं 'लेत्सेन' झालं. अर्थही हळूहळू सरकला: अडवणे, खोळंबा करणे, आणि त्यातूनच नुकसान करणे, इजा करणे. ज्याला अडवलं, त्याचं काही ना काही बिघडतंच. अर्थ सरकायला तेवढी वाट पुरेशी होती. मध्ययुगीन जर्मनमध्ये 'लेत्सेन' आणि 'फेरलेत्सेन' दोन्ही नांदत होते. मग 'फेर' लावलेलं रूप टिकलं आणि नुसतं 'लेत्सेन' या अर्थाने मागे पडलं. इथे 'फेर'ने अर्थ उलटवलेला नाही, फक्त पक्का केला आहे.

आजच्या जर्मन माणसाला मात्र 'फेरलेत्सेन' म्हणताना मंदपणा किंवा अडथळा अजिबात जाणवत नाही. मूळ अर्थ शब्द लक्षात ठेवायला उपयोगी पडतो, वाक्य बनवताना त्याच्या मागे जाऊ नये.

इंग्रजीतल्या कुठल्या शब्दाशी याचं नातं आहे?

आहे, आणि तो शब्द तुमच्या पासपोर्टमध्ये छापलेला आहे. भारतीय पासपोर्टवर राष्ट्रपतींच्या नावाने जी विनंती असते, तिच्या इंग्रजी मजकुरात 'विदाउट लेट ऑर हिंडरन्स' असे शब्द आहेत. हिंदीत तिथे 'बिना रोक-टोक' आहे. हा 'लेट' म्हणजे अडथळा. 'होऊ देणे' या अर्थाच्या रोजच्या 'लेट'शी त्याची गल्लत होते, पण हा वेगळा आणि जुना शब्द आहे, 'फेरलेत्सेन'चा चुलत भाऊ. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला लागून पलीकडे पडला की पंच 'लेट' म्हणतात, तोही बहुधा हाच.

ध्वनीचं गणितही जुळतं. इंग्रजीतल्या 'ट'च्या जागी जर्मनमध्ये अनेकदा 'त्स' येतो: सिट आणि 'जित्सेन', कॅट आणि 'कात्से', हीट आणि 'हित्से'. त्याच हिशेबाने 'लेट' आणि 'लेत्सेन'. उशीर या अर्थाचा 'लेट' आणि शेवटचा या अर्थाचा 'लास्ट' हेही त्याच 'लात'पासून निघाले. जो सगळ्यात मंद, तो शेवटचा. जर्मनमधला 'लेत्स्त' म्हणजे शेवटचा, तोसुद्धा याच घरातला. डच भाषेत तर इजेला आजही 'लेत्सेल' म्हणतात.

मग नुसतं 'लेत्सेन' कुठेच उरलं नाही?

खुणा उरल्या आहेत. मध्ययुगात 'लेत्से' म्हणजे अडथळा, तटबंदी. स्वित्झर्लंडमध्ये दऱ्यांची तोंडं बंद करणाऱ्या भिंतींना 'लेत्सी' म्हणत. १३८८ मध्ये नेफेल्सची लढाई झाली ती अशाच एका लेत्सीपाशी. झुरिकच्या 'लेत्सीग्रुंट' स्टेडियमच्या नावातही हीच लेत्सी आहे. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये नीरज चोप्राने डायमंड लीगची अंतिम फेरी ८८.४४ मीटर भालाफेक करून जिंकली, ती याच मैदानावर. खेळाची बातमी वाचताना आपण या धातूला ओलांडून गेलो होतो.

दुसरी खूण जास्त हळवी आहे. 'लेत्से'चा अर्थ शेवट, मग निरोप, मग निरोपाचं खाणंपिणं असा होत गेला. त्यातून 'जिश लेत्सेन' म्हणजे मन तृप्त करणे असा काव्यातला अर्थ आला, इजेच्या बरोबर उलटा. 'त्सू गूतर लेत्स्त' हा शब्दप्रयोग आजही रोज ऐकू येतो: सरतेशेवटी, जाता जाता. तो मुळात 'गोड निरोपासाठी' असा होता. 'लेत्स्त'च्या प्रभावाने त्याला शेवटी एक 'त' चिकटला.

'मला लागलं' हे जर्मनमध्ये कसं म्हणायचं?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा आणि सगळ्यात जास्त चुकणारा प्रश्न.

मराठीत 'मला लागलं' म्हणताना करणारा कुणीच नसतो. लागणं आपोआप घडतं आणि ते माझ्यापर्यंत येतं. म्हणून आपला हात 'मीर', म्हणजे 'मला', या शब्दाकडे जातो आणि चुकीचं वाक्य तयार होतं. जर्मनमध्ये, अगदी चुकून पडलो तरी, व्याकरणाने करणारा मीच: 'इश हाबे मिश फेरलेत्स्त'. शब्दशः पाहिलं तर मी स्वतःला इजा केली. यात कबुली नाही, दोष नाही, फक्त रचना तशी आहे. मुद्दाम केलं असं कुणालाही वाटत नाही.

अवयव सांगायचा झाला तर दोन वाटा आहेत:

'इश हाबे मिश आम क्नी फेरलेत्स्त': मला गुडघ्याला लागलं.
'इश हाबे मीर दास क्नी फेरलेत्स्त': अर्थ तोच.

पहिल्या वाक्यात इजा 'मला' झाली आणि 'आम क्नी'ने जागा दाखवली, म्हणून 'मिश'. दुसऱ्या वाक्यात इजा थेट गुडघ्याला झाली. कर्माची जागा गुडघ्याने घेतली, म्हणून मी 'मीर' झालो. 'माझा गुडघा' या अर्थी 'माईन क्नी' इथे म्हणत नाहीत, कारण गुडघा कुणाचा ते 'मीर'ने आधीच सांगितलेलं असतं. या दोन वाक्यांची अदलाबदल पाठ होईपर्यंत घोकावी. मिश आणि मीरचा घोळ इथे सुटला की पुढची डझनभर क्रियापदं आपोआप सुटतात.

रोजच्या बारीकसारीक इजांना जर्मन माणूस फेरलेत्सेन वापरतोच असं नाही. आपण 'इजा झाली' न म्हणता खरचटलं, मुरगळलं, कापलं म्हणतो, तसंच त्यांचंही आहे. पाय मुरगळला तर 'फेरश्टाउखेन', मुका मार बसला तर 'प्रेलेन', बोट कापलं तर 'श्नायदेन'. दवाखान्यात नेमका शब्द वापरला तर डॉक्टरांचं काम सोपं होतं.

रूपं कशी चालतात?

नियमित क्रियापद आहे, भीती नको. वर्तमानकाळ: इश फेरलेत्से, दू फेरलेत्स्त, एर फेरलेत्स्त, वीर फेरलेत्सेन, ईर फेरलेत्स्त, जी फेरलेत्सेन. साधा भूतकाळ 'फेरलेत्स्ते'. पूर्ण भूतकाळ 'हाबेन' घेऊन: 'हात फेरलेत्स्त'. 'फेर' हा न सुटणारा उपसर्ग असल्यामुळे भूतकाळी कृदंताला 'गे' लागत नाही. 'गेफेरलेत्स्त' असं रूपच नाही.

इथे एकच रूप चार ठिकाणी येतं (दू, एर, ईर आणि भूतकाळी कृदंत), तेवढं सांभाळावं. 'एर फेरलेत्स्त जिश' म्हणजे तो स्वतःला इजा करून घेतो, 'एर इस्त फेरलेत्स्त' म्हणजे तो जखमी आहे, 'एर वुर्दे फेरलेत्स्त' म्हणजे तो जखमी झाला. सोबतचं सहायक क्रियापद ऐकल्याशिवाय अर्थ लावू नये.

'वेतून' आणि 'फेरलेत्सेन' यांत फरक काय?

'वेतून' म्हणजे दुखणे. 'मीर तूत देर कोप्फ वे': माझं डोकं दुखतंय. इथे मात्र आपला मराठी कान कामाला येतो, कारण दुखणारा अवयव कर्ता असतो आणि माणूस 'मीर' होऊन बाजूला उभा राहतो. डोकं दुखायला डोक्याला काही लागलेलं असावं लागत नाही. डोकेदुखीला फेरलेत्सेन म्हटलं तर समोरचा जखम शोधू लागेल.

वॉर्डात काम करणाऱ्यांनी तीन प्रश्न वेगवेगळे ओळखावेत. 'वो तूत एस वे?' म्हणजे कुठे दुखतंय. 'हाबेन जी श्मेर्त्सेन?' म्हणजे वेदना आहेत का. 'जिंत जी फेरलेत्स्त?' म्हणजे तुम्हाला कुठे इजा झाली आहे का. पडलेल्या आजोबांना पहिले दोन प्रश्न विचारले आणि तिसरा राहिला, तर धक्क्यामुळे वेदना न जाणवणारी दुखापत नजरेतून सुटू शकते. हा फरक निव्वळ भाषेचा नाही, म्हणून तो मला इतका महत्त्वाचा वाटतो.

माणसामाणसांतही दोन्ही चालतात. 'दू हास्त मीर वेगेतान' आणि 'दू हास्त मिश फेरलेत्स्त': पहिल्यात मीर, दुसऱ्यात मिश. पहिलं वाक्य दुखलं एवढंच सांगतं. दुसरं अधिक गंभीर आहे. काहीतरी मोडलं, ते भरून यायला वेळ लागेल, असं त्यात ऐकू येतं.

मन दुखावण्यासाठी हेच वापरायचं की आणखी शब्द आहेत?

हे चालतंच. 'जायने वोर्ते हाबेन मिश फेरलेत्स्त': त्याचे शब्द मला लागले. आपलं 'लागणे' दगडालाही चालतं आणि शब्दालाही, तसंच हे. बोचऱ्या बोलण्याला 'फेरलेत्सेंत' हे विशेषण आहे.

शेजारी दोन शब्द आहेत. 'बेलायदिगेन' म्हणजे अपमान करणे. जर्मन दंडसंहितेच्या कलम १८५ नुसार तो गुन्हा आहे. आणि 'क्रेंकेन' म्हणजे माणसाच्या स्वाभिमानाला लागेल असं वागणे. 'क्रांक' म्हणजे आजारी, पण जुन्या भाषेत त्याचा अर्थ अशक्त असा होता. म्हणून 'क्रेंकेन' म्हणजे मुळात दुबळं करणे. त्याचं नाम 'क्रेंकुंग'. फ्रॉइडने १९१७ च्या एका लेखात मानवजातीच्या आत्मप्रेमाला बसलेल्या तीन धक्क्यांसाठी हाच शब्द वापरला: कोपर्निकसने पृथ्वीला केंद्रातून हलवलं, डार्विनने माणसाला प्राण्यांत आणलं, आणि मनोविश्लेषणाने दाखवलं की आपल्याच मनावर आपली पूर्ण सत्ता नाही. यातल्या एकानेही कुणाला शिवी दिली नव्हती, म्हणून तिथे 'बेलायदिगुंग' बसला नसता.

'फेरवुंदेन' कधी वापरायचं?

युद्धात, शस्त्राने जखमी झालेल्यांसाठी. अपघातात जखमी झालेला 'फेरलेत्स्त', लढाईत जखमी झालेला सैनिक 'फेरवुंदेत'. बस अपघाताची बातमी सांगताना 'फेरवुंदेत' म्हटलं तर विचित्र वाटतं.

'फेरवुंदबार' म्हणजे जिथे घाव बसू शकतो असा. इसवी सन १२०० च्या सुमाराच्या 'निबेलुंगेनलीद' या महाकाव्यात जीगफ्रीड ड्रॅगनच्या रक्तात न्हातो आणि त्याच्या कातडीला शस्त्र लागेनासं होतं. पण दोन खांद्यांच्या मध्ये लिंडेनच्या झाडाचं पान चिकटलेलं असतं, तेवढी जागा कोरडी राहते आणि घाव तिथेच बसतो. गांधारीच्या नजरेतून सुटलेल्या दुर्योधनाच्या मांडीची गोष्ट ऐकून वाढलेल्या आपल्याला ही कथा समजावून सांगावी लागत नाही.

कायद्यात हा शब्द इतका का दिसतो?

कारण जर्मन कायद्याची बरीच इमारत याच कल्पनेवर उभी आहे: प्रत्येकाभोवती काही धड, अखंड गोष्टी आहेत आणि त्यांना धक्का लावायचा नाही.

१ जानेवारी १९०० पासून लागू असलेल्या नागरी संहितेचं कलम ८२३ पाहा. दुसऱ्याचा जीव, शरीर, आरोग्य, स्वातंत्र्य, मालमत्ता किंवा अन्य हक्क यांना जो हेतुपुरस्सर किंवा निष्काळजीपणे, बेकायदा 'फेरलेत्स्त' करतो, त्याने भरपाई द्यायची. जिवापासून मालमत्तेपर्यंत सगळ्यांना मिळून एक क्रियापद. मराठीत हे वाक्य लिहायला घेतलं तर जीव घेणे, इजा करणे, हिरावणे, नुकसान करणे अशी क्रियापदं बदलत जावी लागतील.

फौजदारी कायद्यात 'क्योर्परफेरलेत्सुंग' म्हणजे शारीरिक इजा. दंडसंहिता मूळची १८७१ ची. तिच्या कलम २२३ नुसार साध्या प्रकारालाही पाच वर्षांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो. निष्काळजीपणातून झालेली इजा कलम २२९ मध्ये येते, तिथे मर्यादा तीन वर्षांची. दृष्टी, श्रवण, वाचा जाणं किंवा महत्त्वाचा अवयव गमावणं अशा परिणामांसाठी कलम २२६ वेगळं आहे.

शब्दाचं सगळ्यात उजळ रूप १९४९ च्या राज्यघटनेत आहे. कलम १३ ची सुरुवात होते ती 'दी वोनुंग इस्त उनफेरलेत्सलिश' या चार शब्दांनी: घर अभेद्य आहे. न्यायाधीशाच्या आदेशाशिवाय झडती घ्यायला घरात शिरणं म्हणजे घरालाच जखम करणं, असा यातला भाव आहे. तातडीच्या प्रसंगांपुरते अपवाद कायद्यात सांगितलेले आहेत. कलम २ मध्ये व्यक्तीचं स्वातंत्र्यही 'उनफेरलेत्सलिश' म्हटलं आहे. नाझी राजवटीत घरं आणि माणसं यांचं काय झालं हे पाहिलेल्या पिढीने ही घटना लिहिली, हे लक्षात ठेवून वाचलं की या एका विशेषणाचं वजन कळतं.

रोजच्या व्यवहारात: 'फेरत्राग्सफेरलेत्सुंग' म्हणजे करारभंग, 'उरहेबररेश्त्सफेरलेत्सुंग' म्हणजे कॉपीराइटचं उल्लंघन, 'मेन्शनरेश्त्सफेरलेत्सुंग' म्हणजे मानवी हक्कांची पायमल्ली. लांबी पाहून घाबरू नये. शेवटचा तुकडा ओळखीचा आहे.

कलम २ मध्ये 'उनफेरजेर्तहाइत' असाही शब्द आहे. तो कुठला?

'फेरजेरेन' हेही इजा करण्याचंच क्रियापद, आता जवळजवळ पुस्तकी झालेलं. त्यातला 'जेर' म्हणजे रोजचा 'खूप' या अर्थाचा 'जेर'! जुन्या जर्मनमध्ये त्याचा अर्थ वेदनेने असा होता आणि इंग्रजीतला 'सोअर' त्याचा नातलग. दुखेल इतकं, म्हणता म्हणता तो नुसता 'खूप' झाला. आपणही 'भयंकर सुंदर' म्हणताना भय विसरलेलोच असतो.

बातम्यांत 'श्वेरफेरलेत्स्ते' म्हणजे नक्की किती जखमी?

बोलताना त्याचा अर्थ गंभीर जखमी. रस्ते अपघातांच्या सरकारी आकडेवारीत मात्र व्याख्या ठरलेली आहे: अपघातानंतर लगेच रुग्णालयात किमान २४ तासांसाठी दाखल झालेला. बाकीचे 'लाइश्तफेरलेत्स्ते'. अपघातानंतर ३० दिवसांच्या आत त्या जखमांनी माणूस गेला तर तो मृतांत मोजला जातो. म्हणून आकडेवारीत 'श्वेरफेरलेत्स्त' दिसलं की जिवावर बेतलं असेलच असं समजू नये. त्यासाठी 'लेबेन्सगेफेअरलिश फेरलेत्स्त' असा वेगळा प्रयोग आहे.

११२ वर फोन करावा लागला तर?

हा जर्मनीतला आपत्कालीन क्रमांक. प्रथमोपचाराच्या वर्गात तिथे सांगायच्या गोष्टी 'व'ने सुरू होणाऱ्या शब्दांत शिकवतात: वो, कुठे झालं, वास, काय झालं, वी फील फेरलेत्स्ते, किती जखमी, वेल्शे फेरलेत्सुंगेन, कसल्या जखमा, आणि शेवटी वार्तेन, म्हणजे पलीकडून प्रश्न येतील, थांबा, फोन ठेवू नका. घाईत व्याकरण सुटलं तरी चालेल. 'त्स्वाय फेरलेत्स्ते', दोन जखमी, एवढे दोन शब्द स्पष्ट म्हटले तरी मदत योग्य तयारीने येते.

'जिश फेरलेत्सेन' आणि 'जिश जेल्ब्स्त फेरलेत्सेन' एकच का?

नाही, आणि इथे निष्काळजी राहून चालणार नाही. पहिलं म्हणजे सर्वसाधारणपणे चुकून लागणं. 'जेल्ब्स्त' जोडलं की बहुतेक वेळा स्वतःला जाणूनबुजून इजा करून घेणं असा अर्थ होतो. 'जेल्ब्स्तफेरलेत्सुंग' हा मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातला शब्द आहे. मराठीतल्या 'स्वतः'च्या सवयीने 'जेल्ब्स्त' घातला आणि रुग्णाच्या नोंदीत तो गेला, तर सायकलवरून पडलेल्या मुलाबद्दल भलताच समज होईल. उलट बाजूने, रुग्ण स्वतः हा शब्द उच्चारत असेल तर तो चुकून आला असं समजून पुढे जाऊ नये, वरिष्ठांना लगेच सांगावं.

'शादेन' वापरलं तर चालेल का?

'शादेन' म्हणजे अपाय करणे, नुकसान करणे, आणि त्याला नेहमी चतुर्थीसारखं रूप लागतं. 'राउखेन शादेत देर गेझुंदहाइत': धूम्रपान आरोग्याला अपायकारक. धूम्रपानाने फुप्फुसाला अपाय होतो, तिथे शादेन. बरगडी मोडून फुप्फुसात घुसली, तिथे फेरलेत्सेन. हळूहळू पोखरणारं ते पहिलं, एका प्रसंगात घडणारं ते बहुधा दुसरं.

'फेरलेत्सलिश' म्हणजे जखमी का?

नाही. ज्याला सहज लागू शकतं असा, हळवा. लहान मूल 'फेरलेत्सलिश' असतं, जखमी नसलं तरी. 'फेरलेत्सबार' त्याच्या अगदी जवळचा शब्द. जखमी माणूस म्हणजे 'फेरलेत्स्तर', जखमी बाई 'फेरलेत्स्ते', आणि अजिबात न लागता सुटलेला 'उनफेरलेत्स्त'.